पहिलं प्यादं सोडणारा गुणाजी

बाळकुमचा गुणाजी कान्हा तरे बुद्धिबळ खेळून पोट भरतो, हे बाळकुममध्ये कुणालाच पटलेलं नव्हतं. एक्याण्णव साली जनगणनेला आलेल्या शाळामास्तरांना तर नाहीच नाही.

"काम काय करता?" मास्तरांनी विचारलं.

"बुद्धिबळ खेळतो."

"ते झालं हो फावल्या वेळातलं. काम?"

"तेच काम."

"आणि मग फावल्या वेळात?"

गुणाजीनं खरोखरच विचार केला. "झोपतो."

"खेलतानापन झोपतात," दारात सुके बोंबील निवडत बसलेली त्याची बायको मालू म्हणाली. "लिवा तुमी."

मास्तरांनी पेन कानामागे लावलं, काढलं, खाडीकडे बघितलं आणि शेवटी 'मासेमारी' लिहून पुढच्या घराकडे निघून गेले. तेव्हा गुणाजी आंतरराष्ट्रीय मास्टर होऊन सहा-सात वर्षं झाली होती. पण सरकारदरबारी तो मासेच मारत होता.

मालूचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पटासमोर बसला की गुणाजीच्या पापण्या अर्ध्यावर यायच्या, हनुवटी छातीला टेकायची आणि समोरच्याला वाटायचं, आता हा घोरणार. नागपूरला एका पंचानं तर खांद्याला हात लावून "तरे, घड्याळ चालू आहे," असं हळूच सांगितलंही होतं. पण गुणाजी झोपलेला नसायचा. त्याच्या पटावर त्या वेळी भरतीचं पाणी चढत असायचं. कोपऱ्यातल्या हत्तीच्या घरातून ते आत शिरायचं, आधी काळी घरं ओली व्हायची, मग पांढरी. प्यादी गळ्यापर्यंत बुडायची, उंट तिरके तिरके वाहत जायचे, घोडे पोहायचे. गुणाजी नुसता काठावर बसून राहायचा. पाणी पुरं चढलं, थबकलं आणि मागं फिरलं की ज्या सोंगट्या जागच्या हलल्या नाहीत त्या भक्कम, ज्या वाहून गेल्या त्या कच्च्या. मग डोळे उघडून तो चाल करायचा. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. ठाण्यात राहणाऱ्या माणसानं असलं काही बोलताना जपूनच राहावं. इस्पितळ जवळ आहे.

बुद्धिबळ त्याला शिकवलं मिठागरावर एकटेच असलेल्या कारकुनांनी. मिठाचा पडाव भरतीशिवाय हलत नसे, आणि भरती कारकुनांचं ऐकत नसे. तोवर ते धक्क्यावर पट मांडून स्वतःशीच खेळत बसायचे आणि स्वतःवरच चिडायचे. बारा वर्षांचा गुणाजी शेजारी येऊन बसू लागला तेव्हा त्यांना चिडायला दुसरं माणूस मिळालं. वर्षाभरात पोरगा त्यांना हरवायला लागला. कारकुनांनी मग भरतीची वाट बघणं सोडून बदली मागून घेतली, असं बाळकुमचे लोक सांगतात. लोक काहीही सांगतात.

पण त्या आधीची, पटाच्याही आधीची एक गोष्ट होती. गुणाजी चार-पाच वर्षांचा असल्यापासून त्याचा बाप कान्हा त्याला होडीत घालून खाडीत न्यायचा. पहाटेचं धुकं, पाण्यावर वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज, आणि जाळं वर आलं की त्यातला पहिला मासा कान्हा हातात घ्यायचा, एकदा पोराकडे बघायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा. बोय असो, खरबा असो, केवढाही असो. पहिला सोडायचा. काही न बोलता. गुणाजीनं ते मनात पक्कं करून ठेवलं. पहिलं मिळालेलं आपलं नसतं. ते खाडीचं. ही आपल्या घराण्याची रीत. देवापुढं का हात जोडायचे हे जसं कुणी विचारत नाही, तसं त्यानंही बापाला कधी विचारलं नाही.

आणि ती रीत त्यानं होडीतून उचलून पटावर आणून ठेवली.

डावात समोरच्याचं पहिलं प्यादं मोकळं पडलं, म्हणजे कुणाच्या राखणीशिवाय, नुसतं हात लांब करून उचलावं असं, की गुणाजी ते घ्यायचा नाही. दुसरं घ्यायचा. तिसरं घ्यायचा. वजीर मिळाला तर हसत घ्यायचा. पण पहिलं फुकटचं प्यादं तो सोडून द्यायचा. सुरुवातीला लोकांना वाटलं, दिसलं नसेल. मग वाटलं, फार खोल काहीतरी आहे. एका रशियन ग्रँडमास्टरनं तर दिल्लीला अशा सोडलेल्या प्याद्यावर पाऊण तास डोकं धरलं, त्यात काही सापळाच नाही हे कळल्यावर तो इतका गोंधळला की पुढे हरला. असं क्वचित. एरवी जिंकता येणारे डाव बरोबरीत सुटायचे आणि बरोबरीतले हातातून जायचे.

"गुण्या, अरे प्यादं आहे ते, कुणाची सुवासिनी लेक नाही," परशुराम दामले म्हणायचा. "उचल ना!"

हा परशुराम डोंबिवलीचा. बँकेत नोकरी, तीही खेळाडू म्हणून मिळालेली, त्यामुळे बँकेत तो कमी आणि स्पर्धेत जास्त. गुणाजीच्याच वयाचा आणि त्याच्यासारखाच आंतरराष्ट्रीय मास्टर. विशीपासून दोघं एकमेकांशी खेळत आले होते, एकाच लॉजच्या खोलीत राहत आले होते आणि एकमेकांच्या डब्यातलं खात आले होते. परशुरामला मालूच्या हातचं कोलंबीचं लोणचं फार आवडायचं. फक्त घरी सांगायचं नाही, अशी अट होती. 'दानशूर तरे' हे नाव त्यानंच पाडलं आणि ते सगळ्या महाराष्ट्रात पोचवलं.

गुणाजीला नोकरी होती, नव्हती असं नाही. वागळे इस्टेटीत एका कारखान्यात तो फिटरच्या हाताखाली होता. राष्ट्रीय स्पर्धेसाठी रजा मागायला गेला.

"लग्न आहे का?" साहेबानं विचारलं.

"नाही."

"कोण गेलं?"

"नाही. डाव आहे."

साहेब म्हणाला, डावासाठी रजा दिली तर उद्या रमीवालेही रांग लावतील. त्याचंही बरोबर होतं. गुणाजी त्या संध्याकाळी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडला तो व्यावसायिक बुद्धिबळपटू होऊनच. व्यावसायिक म्हणजे काय, तर गणपतीत मंडळांच्या स्पर्धा, मोहन्याच्या कामगार वसाहतीत एकाच वेळी पस्तीस जणांशी खेळायचं, कल्याणच्या कुणा डॉक्टरच्या मुलाला शिकवायचं, आणि मालूनं ठाण्याच्या बाजारात सुकं विकून घर चालवायचं. मोहन्याला त्यानं पस्तीसच्या पस्तीस जणांचं पहिलं प्यादं सोडलं. कामगारांना वाटलं, माणूस मोठा विनयशील. टाळ्या वाजवून त्यांनी नारळ दिला.

ग्रँडमास्टर व्हायचं तर तीन मोठ्या स्पर्धांत ठरलेले गुण मिळवावे लागतात. एकेका यशाला नॉर्म म्हणतात. गुणाजीला पहिला नॉर्म एक्याण्णवमध्ये मिळाला, मास्तर 'मासेमारी' लिहून गेल्यावर काही महिन्यांनी. दुसरा चौऱ्याण्णवमध्ये. तिसरा पंच्याण्णवमध्ये कलकत्त्याला अगदी मांडीवर येऊन बसला होता. शेवटच्या डावात समोरच्या हंगेरियनानं घाईत एक प्यादं उघडं टाकलं. गुणाजी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला, जसं जाळ्यातल्या माशाकडे बघावं. मग त्यानं हत्ती हलवला. डाव बरोबरीत सुटला आणि अर्ध्या गुणानं नॉर्म हुकला. परतीच्या प्रवासात परशुराम चक्रधरपूरपर्यंत त्याच्याशी बोलला नाही. नंतर एवढंच म्हणाला, "तू माणूस चांगला आहेस रे. पण तू खेळतोस कशाला?"

सत्त्याण्णव साल उजाडलं तेव्हा गुणाजी चाळिशी ओलांडून गेला होता. दहा-बारा वर्षांची पोरं त्याला 'अंकल' म्हणून हरवायला लागली होती. मालूच्या भावाचा बर्फाचा कारखाना होता. तिथं मुकादमाची जागा गुणाजीसाठी राखून ठेवलेली होती. मालू भांडली नाही. भाकरी थापताना नुसती म्हणाली, "डोंबिवलीची खेला. नाय झालं तं दिवालीपासून बर्फावर जावा." गुणाजी बरं म्हणाला. बर्फ म्हणजे थांबलेलं पाणी, असं काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं आणि त्याला हुडहुडी भरली.

डोंबिवलीची स्पर्धा म्हणजे एक नवलच होतं. डोंबिवलीकरांनी मनावर घेतलं की ते काहीही भरवतात. या वेळी त्यांनी ग्रँडमास्टरांची स्पर्धा भरवली, मंगल कार्यालयात. पितृपंधरवडा होता, लग्नं नव्हती, कार्यालय रिकामं होतं. पाहुण्या ग्रँडमास्टरांच्या विश्रांतीसाठी 'वरपक्ष' अशी पाटी असलेली खोली दिली होती आणि आपल्या खेळाडूंसाठी 'वधूपक्ष'. परशुराम म्हणाला, हे फार योग्य झालं, वाकायचं आपल्यालाच आहे. कार्यालयाच्या स्वयंपाकघरातून श्राद्धाच्या जेवणाचे डबे बाहेर जात, त्यातूनच खेळाडूंचंही जेवण निघे. ताश्कंदचा एक दाढीवाला ग्रँडमास्टर खिरीवर इतका खूश झाला की डोंबिवलीतल्या अनोळखी पितरांच्या वाटची खीर तो रोज तीन वाट्या प्यायला. खिडक्यांच्या गजांवर कावळे ओळीनं बसायचे आणि मान वाकडी करून डाव बघायचे.

त्या स्पर्धेत गुणाजी असा खेळला, जसा तो स्वप्नातच खेळू शकला असता. पाणी रोज वेळेवर चढलं, वेळेवर उतरलं. खीर पिणारा ताश्कंदवाला हरला. बाकीचे बरोबरीत सुटले किंवा पडले. एकाच डावात, त्यातही एका दिल्लीच्या पोरापुढं, सोडलेलं पहिलं प्यादं अंगाशी आलं आणि तो हरला. त्यामुळे हिशेब असा उरला की तिसऱ्या नॉर्मसाठी शेवटचा डाव जिंकलाच पाहिजे, बरोबरी चालणार नाही. आणि शेवटचा डाव होता परशुराम दामलेशी.

"हे बघ," जिन्यात सिगारेट ओढत परशुराम म्हणाला, "मी तुला डाव देणार नाही. तू मागणारही नाहीस. मी हे फक्त माझ्या समाधानासाठी बोलून ठेवतोय."

"पर्शा, तू दिलास तर मी खाडीत उडी मारीन."

"तुमच्या खाडीत आता उडी मारली तर माणूस बुडत नाही, नुसता काळा होतो," परशुराम म्हणाला. दोघंही हसले, पण थोडंच.

मधे एक दिवस सुट्टी होती. गुणाजी बाळकुमला घरी गेला. जिथं पूर्वी मिठागरांचे चौकोन चांदण्यात लकाकायचे तिथं इमारतींचे खांब वर येत होते. कान्हा आता ऐंशीच्या घरात होता. मागच्या ओसरीवर बसून तो अजून जाळं विणायचा, जरी त्या जाळ्याला कित्येक वर्षांत पाणी लागलेलं नव्हतं. मालू चिंबोऱ्यांचं कालवण घेऊन आली. तिघं जेवायला बसली.

"उद्या जिकाचं लागंल ना?" कान्ह्यानं विचारलं.

"हो बाबा."

"जिकतील कशे?" मालू म्हणाली. "पयलं प्यादं सोराचं ना तुमच्या घरान्यात! रीत हाय मेली. सगल्या दुनियेला ठाव झाली, दामलेभाऊजी बोलत होते. पयला मासा सोराचा, पयलं प्यादं सोराचं. माजं पयलं स्थल पन सोरलं असतं तं बरं झालं असतं."

कान्ह्याचा घास तोंडापाशी थांबला. "कंची रीत?"

"पहिला मासा," गुणाजी म्हणाला. "होडीत. तुम्ही सोडायचा ना बाबा, खाडीचा म्हणून."

कान्हा पोराकडे बघत राहिला. मग त्याचं बोळकं हळूहळू उघडलं आणि तो हसायला लागला. खोकला आला, मालूनं पाणी दिलं, तरी हसणं थांबेना.

"आरं येरझव्या, रीत कसली! तू रराचास म्हनून."

"मी?"

"होरीत बसला का पयलाच मासा तरफरताना बगून भोकार पसराचास. आख्खी खारी जागी कराचास. मंग एक सोरला का गप बसाचास, बाकीचं मेलं तरी तुला काय नाय. म्हनून सोराचो. तुजा आजा होरीत असता तं त्यानं माशासंगट तुला पन फेकला असता."

मालूनं पदर तोंडाला लावला. तिला हसू आवरेना. गुणाजी मात्र ताटाकडे बघत बसला. कालवणातून चिंबोरीची एक नांगी वर आली होती, जणू कुणीतरी हात वर करून काहीतरी सांगू पाहत होतं. वीस-पंचवीस वर्षं, कलकत्ता, दिल्ली, मोहन्याचे पस्तीस कामगार. आणि मुळात काय, तर चार वर्षांचं एक रडकं पोर.

दुसऱ्या दिवशी सकाळीच डाव सुरू झाला. गुणाजीकडे पांढऱ्या सोंगट्या होत्या. मंडपाच्या जागी पंखे गरगरत होते, स्वयंपाकघरातून वड्यांचा वास येत होता, आणि खिडकीत कावळे होतेच. बराच वेळ काही घडलं नाही. दोघांनाही एकमेकांचे डाव इतके पाठ होते की ते जुन्या नवरा-बायकोसारखे, न बोलता खेळत होते. मग परशुरामनं आपला घोडा मधल्या घरात उडी मारून आणला, घड्याळ दाबलं आणि पाय मोकळे करायला उठून गेला.

घोडा तिथं छान दिसत होता. पण तो निघून गेल्यामुळे काळ्याचं एक प्यादं उघडं पडलं होतं, अगदी मोकळं. डावातलं पहिलं.

गुणाजीच्या पापण्या खाली आल्या. पाणी यायला लागलं. पण आज ते कोपऱ्यातून नाही, त्या प्याद्याच्या घरातूनच वर आलं, आणि कार्यालयाचं छत, पंखे, कावळे, सगळं धुक्यात विरघळून गेलं. होडी होती. चुबुक चुबुक वल्हं होतं. बापाचा पाठमोरा काळा खांदा, आणि त्यापलीकडे फळीवर बसलेलं एक लहान पोर, नाक गळतंय, तोंड उघडतंय. जाळ्यात एक प्यादं तडफडत होतं. पोरानं गुणाजीकडे बघितलं. गुणाजीनं त्याच्याकडे. 'रडशील?' त्यानं विचारलं. पोर विचार करत होतं. खूप वेळ विचार करत होतं. मग त्यानं बाहीला नाक पुसलं आणि मान हलवली. नाही.

घड्याळात बराच वेळ गेला होता. पंच दोनदा येऊन बघून गेले होते. गुणाजीनं डोळे उघडले, उंट उचलला आणि प्यादं घेतलं.

परशुराम खिडकीपाशी कावळ्यांना शेव टाकत होता. परत येऊन त्यानं पटाकडे बघितलं, खुर्ची ओढायला हात पुढं केला आणि हात तसाच राहिला. त्यानं गुणाजीकडे बघितलं. मग परत पटाकडे. दुसरं कुणी समोर असतं तर त्यानं आधी ते प्यादं सांभाळलं असतं, मग घोडा हलवला असता. पण समोर दानशूर तरे होता. दानशूर तरे पहिलं प्यादं घेत नाही, हे त्याला सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं ठाऊक होतं. या माणसाशी तो वीस वर्षं असाच खेळत आला होता, आणि एकदाही फसला नव्हता.

पुढं परशुराम जीव तोडून खेळला. कुठंही हात सैल सोडला नाही. पण बुद्धिबळात एक प्यादं जास्त असणं म्हणजे काय हे बागेत बसून खेळणाऱ्या पेन्शनरांनाही ठाऊक असतं. वजीर गेले, हत्ती गेले, पंख्यांचा आवाज मोठा झाला. गुणाजीचं एक प्यादं एकेक घर चढत शेवटच्या घराशी जाऊन उभं राहिलं, ओहोटीत धक्क्याला लागलेल्या होडीसारखं. परशुरामनं राजा आडवा केला आणि हात पुढं केला.

"घेतलंस," तो म्हणाला.

"घेतलं."

"मेल्या, वीस वर्षं मला शिकवलंस तू घेत नाहीस, आणि आज घेतलंस?" त्याचा आवाज चिरकला. राग होता, आणि त्याच्याखाली दुसरंही काहीतरी होतं. "विचारून तरी घ्यायचंस!"

मग त्यानं गुणाजीला अशी मिठी मारली की दोघांचे चष्मे एकमेकांत अडकले. ताश्कंदवाला वरपक्षातून खिरीची वाटी हातात घेऊनच धावत आला. कार्यालयाच्या मालकांनी सनईची कॅसेट लावली. ऐन पितृपंधरवड्यात, पण त्या वेळी कुणाला काही वाटलं नाही. संयोजक सोंगट्या खोक्यात भरायला गेले, तेव्हा एक काळं प्यादं कमी भरलं. टेबलाखाली बघितलं, सतरंज्या झटकल्या. कावळ्यांवरही संशय घेतला गेला. त्या संचात आजही त्या जागी कुणाच्या तरी कोटाचं मोठं काळं बटण असतं.

संध्याकाळी उजेड असतानाच गुणाजी बाळकुमला पोचला. मालू दारात उभी होती. त्यानं मान डोलावली. आत जाऊन तिनं भावाला निरोप धाडला की मुकादम दुसरा बघा, आणि मग चुलीपाशी बसून तिनं पदरानं डोळे पुसले.

कान्हा खाडीच्या काठावर दगडावर बसला होता. ओहोटी लागलेली होती. पाणी इमारतींची उलटी चित्रं घेऊन संथपणे बाहेर निघालं होतं. गुणाजी शेजारी बसला. सदऱ्याच्या खिशात हात घातला तेव्हा बोटांना ते लागलं. पटावरून उचलताना आपण ते टेबलावर न ठेवता खिशात कधी टाकलं, हे त्याचं त्यालाच कळलेलं नव्हतं. लाकडाचं, तळाला हिरवं बनातीचं कापड असलेलं, घामानं थोडं ओलसर झालेलं.

कान्ह्यानं ते हातात घेऊन बघितलं. उलटं केलं, सुलटं केलं. "हाच काय तो मासा?"

"हाच."

"बारका हाय," म्हातारा म्हणाला आणि प्यादं त्यानं पोराच्या हातात परत दिलं. "सोर आता."

गुणाजीनं वाकून ते पाण्यात सोडलं. बुडालं नाही. एकदा गोल फिरलं, तोंड वर करून उभं राहिलं आणि ओहोटीबरोबर डुलत डुलत मोठ्या खाडीकडे निघालं. दोघं बापलेक बघत राहिले. ते लहान झालं, मग ठिपका झालं, मग ते आहे की पाण्यावरची चकाकी आहे हे सांगता येईना.

"आता रडू नको म्हंजे झालं," कान्हा म्हणाला.

पण ते नव्या ग्रँडमास्टरला जमलं नाही.